घरापासून पाचशे पावलांत मुलांना निसर्ग कसा दाखवू?

कर्वेनगरची_आई (८ जून)

नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा आहे, मुलगी सहा. पुण्यात कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात दोघांना एका निसर्गशिबिराला पाठवलं होतं. चार दिवसांचे बऱ्यापैकी पैसे भरले आणि मुलं छापील फुलपाखरं रंगवून परत आली. त्याआधी एक विज्ञानाची पेटी मागवली होती, ती दोन दिवसांत माळ्यावर गेली.

मला आता काही विकत आणायचं नाही आणि लांबही जायचं नाही. सोसायटीच्या आवारात कढीपत्ता आहे, एक लिंबू, एक आंबा. फाटकाशी मोठा पर्जन्यवृक्ष आहे. गल्लीच्या टोकाला दत्ताचं देऊळ आणि त्याला लागून उंबर. एवढंच. वेताळ टेकडीवर एखाद्या रविवारी जाऊ शकतो, दर रविवारी नाही.

खरी अडचण माझीच आहे. मी कॉमर्स केलेलं, झाडांची नावंही धड येत नाहीत. परवा धाकटीने विचारलं, "आई, मुंग्या रांगेतच का चालतात? एक मुंगी रांगेतून हुकली तर तिला घर सापडतं का?" मी म्हटलं, "बघू." गेले चार दिवस तो 'बघू' मला टोचतोय. ज्यांनी आपल्या मुलांबरोबर असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भोरचे_गुरुजी (९ जून)

ताई, मी भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. प्रयोगशाळा नव्हती, पण व्हरांडा होता आणि शाळेमागे ओढा. तुमच्याकडे जे आहे ते पुष्कळ आहे. आधी मुंग्यांचंच घ्या, कारण तो प्रश्न मुलीचा आहे आणि ताजा आहे. तिच्या प्रश्नाआधी आपलं काही शिकवायला बसू नका.

मुंग्यांच्या वाटेपासून हातभर अंतरावर गुळाचा खडा ठेवा आणि मध्ये वहीच्या कागदाची लांब पट्टी अशी टाका की गुळाकडे जाताना मुंग्यांना तिच्यावरून जावं लागेल. पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर वाट पडते. मग पट्टी हलकेच काटकोनात फिरवा. काही मुंग्या फिरलेल्या पट्टीवरच्या जुन्या वाटेने चालत भलतीकडे जातात, काही कडेला येऊन गोल गोल फिरतात. दुसऱ्या दिवशी नुसत्या फरशीवरची वाट ओल्या बोटाने आडवी पुसा आणि बघा किती वेळ गोंधळ होतो. मुंगी चालताना पोटाच्या टोकाने जमिनीला वास लावत जाते आणि मागची त्या वासावर येते, हे तुम्ही सांगायची गरज पडणार नाही. मुलगी स्वतःच म्हणेल की कागदावर काहीतरी लागलंय. माझ्या शाळेत दुसरीतल्या एका मुलीने तो कागद नाकाला लावून बघितला होता. तिला वास आला नाही याचं तिला फार वाईट वाटलं. मग "आपल्याला येत नाही तो वास मुंगीला कसा येतो" यावर आमचा अख्खा तास गेला.

नावं येत नाहीत याची काळजी सोडा. मुलांना एक दोनशे पानी वही द्या. जो किडा, जे झाड दिसेल त्याला मुलांनी स्वतः नाव ठेवायचं. आमच्या वह्यांमध्ये 'चिखल्या', 'दोन शेपटीवाला', 'घाबरट हिरवा' अशी नावं होती. खरं नाव सहा महिन्यांनी कळलं तरी चालतं. नाव आधी कळलं की मूल बघायचं थांबतं, हे मी वर्गात अनेकदा पाहिलंय. फोनवरची ओळख सांगणारी ॲपं वाईट नाहीत, पण ती शेवटी काढा.

आता कढीपत्ता. पाऊस पडून कोवळी पालवी आली की पानांच्या टोकांशी मोहरीहून लहान, फिकट पिवळे मणी शोधा. एकेकटे असतात. ती लिंबू-फुलपाखराची अंडी. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, काळपट तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. पक्षी आपलीच शीट कशाला खाईल? मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. तेव्हा तिला गवताच्या काडीने अगदी हलकं टोचा. डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर येतात आणि कुजल्या लिंबासारखा उग्र वास येतो. एकदाच करा, सारखं छळू नका. अळी साधारण दोन आठवडे खात राहते, मग कोष, मग आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. एकच अळी फांदीसकट मोठ्या बरणीत घ्या, तोंडाला मलमलचं कापड बांधा, रोज ताजी पानं द्या आणि विष्ठा झटका. बाकीच्या झाडावरच राहू द्या. दोन्हींची तुलना हाच अभ्यास. फवारलेल्या झाडाची पानं मात्र चुकूनही घालू नका.

एक फरक मुलांना पहिल्या दिवशी शिकवा. गुळगुळीत ती अळी, केसाळ तो सुरवंट. सुरवंटाला हात नाही.

आणि तुमचा उंबर! 'उंबराचं फूल' म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट असं आपण म्हणतो ना? ते फूल मुलांना दाखवा. पडलेली, आकाराने भरलेली पण अजून लाल न झालेली चार-पाच फळं घ्या आणि तुम्ही स्वतः सुरीने उभी कापा. आत भिंतीला चिकटून शेकडो बारीक दाणे दिसतील. तीच फुलं. उंबराचं फळ म्हणजे आतल्या बाजूला उमलणाऱ्या फुलांची मिटलेली वाटी. वाटीच्या तोंडाशी एक बारीक छिद्र असतं. एवढीशी गांधीलमाशीच्या कुळातली मादी त्यातून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख मोडतात. ती परागकण आणते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या पोरांपैकी पंखवाल्या माद्या पुढे परागकण घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. नरांना पंखच नसतात, ते माद्यांसाठी भिंतीतून वाट कोरतात आणि बहुतेक तिथेच संपतात. नशीब असेल तर कापलेल्या फळातून चिलटाहून लहान माद्या तुमच्या डोळ्यांदेखत बाहेर पडतील. हिरवं टणक, पिवळट झालेलं आणि पिकून लाल झालेलं अशी तीन फळं शेजारी शेजारी कापलीत तर सगळी गोष्ट ओळीने दिसते. देवळातलं झाड आहे, तेव्हा आधी पुजाऱ्यांना विचारा. आणि खाली पडलेलीच घ्या, तोडू नका.

आता देवळाच्या वळचणीला जिथे पावसाचा थेंब पोचत नाही तिथे बारीक कोरडी माती असेल तर वाकून बघा. नरसाळ्यासारखे बोटभर रुंदीचे खड्डे दिसतील. तळाशी मातीत एक किडा जबडे उघडून बसलेला असतो. मुंगी घसरली की तो खालून माती उडवतो आणि ती परत घसरते. खड्ड्याच्या काठावरून मातीचे चार कण सोडले तर तो लगेच माती फेकू लागतो. मुलाला विचारा, खड्ड्याचा उतार कोणी ठरवला, किड्याने की मातीने? मग त्याला घरी कोरडा रवा, मीठ आणि तांदूळ वेगवेगळे ताटात ओतू द्या. प्रत्येक ढिगाचा उतार निराळा येतो. हा किडा पुढे चतुरासारखा लांब पंखांचा होऊन उडतो. मला हे चाळिशीत कळलं. लहानपणी शेकडो वेळा त्याला काडीने डिवचलं होतं, पण पुढे त्याचं काय होतं हे विचारायचं सुचलंच नव्हतं.

हे सगळं एकाच महिन्यात करू नका. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. दर रविवारी नवीन उपक्रम शोधू नका, त्याच कढीपत्त्याकडे आणि त्याच उंबराकडे पुन्हा पुन्हा जा. पहिल्या खेपेला मुलांना काही दिसत नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला "अरे, हे काल नव्हतं" असं म्हणतात. तिथून खरी सुरुवात होते.

दगड उचलायचा तर लांबची कड धरून स्वतःकडे उचला, म्हणजे खालून जे निघेल ते पलीकडे जाईल, आणि पुन्हा होता तसाच ठेवा. टेकडीवर बंद बूट घाला. कोकणात आणि आमच्या बाजूला दगडाखाली फुरसं हा विषारी साप असतो, तिथे मुलांना दगड उचलूच देऊ नका. रुईच्या झाडावर ठिपकेदार पट्ट्यांच्या सुंदर अळ्या सापडतात, त्या बघा, पण रुईचा चीक डोळ्याला लागता कामा नये. गाजरगवताला हात लावू नये.

डोंबिवली_आकाश (९ जून)

गुरुजींनी जमिनीकडचं सांगितलं, मी वरचं सांगतो. तुम्ही अगदी योग्य दिवसांत विचारलंय.

आपल्याला शाळेत शिकवतात की दुपारी सावली उत्तरेला पडते. पुण्यात साधारण १४ मे ते २९ जुलै या काळात भरदुपारची सावली दक्षिणेला पडते! कारण पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि या दिवसांत सूर्य त्याच्याही उत्तरेला सरकलेला असतो. दोन्ही टोकांच्या दिवशी सावली पायाखाली गडप होते, तो शून्य सावलीचा दिवस. मे महिन्यातला हुकला आणि जुलैतला बहुधा ढगात जातो, पण २१ जूनला ऊन पडलं तर एक मीटरची काठी गच्चीवर ओळंब्याने सरळ उभी करा. पुण्यात खरी दुपार बाराला होत नाही, जूनमध्ये ती १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होते. काठीची सावली जेमतेम साडेआठ सेंटीमीटर आणि दक्षिणेकडे असेल. खडूने खूण करून ठेवा. २२ डिसेंबरला तीच काठी तिथेच लावा, सावली ९० सेंटीमीटर आणि उत्तरेकडे. माझ्या मुलीने दोन्ही खुणा तेलरंगाने रंगवल्या, आमच्या गच्चीवर अजून आहेत. नागपूरला मावशी असेल तर तिलाही काठी लावायला सांगा. तिकडे ही दक्षिणेची सावली मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंतच मिळते. का, ते मुलगा पृथ्वीच्या गोलावर शोधेल.

दुसरं, पर्जन्यमापक. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बुडाला खोलगे असतात म्हणून आत खडे टाकून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. त्यावर पट्टी चिकटवा. नरसाळ्याचं तोंड आणि बाटली एकाच रुंदीची आहेत, म्हणून आत चढलेली उंची म्हणजेच पडलेला पाऊस, मिलिमीटरमध्ये. टाकीच्या आडोशाला ठेवू नका. वाचन रोज सकाळी साडेआठला करा, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असाच धरतात. अडीच मिलिमीटर झाला तरच तो 'पावसाचा दिवस', ६४.५ च्या पुढे 'जोरदार'. आणि हा हिशेब मुलाला नक्की करायला लावा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. तुमची गच्ची ३०० चौरस मीटर असेल तर ३० मिलिमीटरच्या एका दिवसात नऊ हजार लिटर. सोसायटी उन्हाळ्यात टँकरला किती देते ते त्याला विचारू द्या.

परिचारिका_सांगली (१० जून)

वरचं सगळं छान आहे, पण मी आरोग्य केंद्रात काम करते म्हणून एक सांगते. पावसाळ्यात घरात पाण्याची भांडी ठेवणार असाल तर डासांचं लक्षात ठेवा. पर्जन्यमापक रोज मोजून शून्याच्या खुणेपर्यंतच ठेवा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

कुंडीच्या ताटलीत अळ्या सापडल्याच तर त्या ओतण्याआधी मुलांना काचेच्या पेल्यात दाखवा. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल ती मलेरियाच्या डासाच्या जातीची, डोकं खाली करून तिरकी लटकत असेल ती डेंग्यूच्या किंवा हत्तीरोगाच्या डासाच्या जातीची. पेल्यावर टिचकी मारली की सगळ्या खाली पळतात आणि श्वासासाठी पुन्हा वर येतात. आमच्या गावात शाळेतल्या मुलांना हे दाखवल्यावर त्यांनी स्वतःहून घरोघरचे टायर उलटे केले. नंतर अळ्या कोरड्या मातीत ओता, गटारात नको.

मोठ्या शंखाच्या आफ्रिकन गोगलगाई आवारात येत असतील तर त्यांना उघड्या हाताने धरू देऊ नका. हात साबणाने, प्रत्येक वेळी.

वाईची_मावशी (१२ जून)

मला विज्ञान येत नाही, पण गोडा मसाला येतो. मसाल्यातलं दगडफूल मुलांच्या हातात द्या आणि मग आंब्याच्या खोडावर तसंच काही दिसतं का ते बघायला सांगा. राखाडी-हिरवट पापुद्रे दिसतील. माझा नातू सांगतो, ते एक झाड नाहीच, बुरशी आणि शेवाळ दोघं मिळून संसार करतात. वाईला आमच्या परसातल्या आंब्यावर भरपूर आहे. त्याच्या पुण्याच्या घरासमोर, मोठ्या रस्त्यावरच्या झाडावर काही नाही. तो म्हणाला, आजी, तिथे हवा वाईट आहे. खरवडून काढू नका हो, फार हळू वाढतं ते.

कर्वेनगरची_आई (१७ ऑगस्ट)

दोन महिन्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

मुंग्यांची पट्टी अकरा वेळा फिरवून झाली. धाकटीचं उत्तर तिच्या शब्दांत: "हुकलेली मुंगी घरी जाते, पण खूप उशिरा." तिने एका मुंगीवर अठरा मिनिटं नजर ठेवली. सहा वर्षांचं मूल अठरा मिनिटं एका जागी बसलेलं मी याआधी बघितलं नव्हतं.

२१ जूनला ढग होते. २४ तारखेला दहा मिनिटं ऊन आलं आणि सावली खरोखर दक्षिणेला! मोठ्याने होकायंत्र तीनदा तपासलं.

उंबराचं फूल पुजारीकाकांनीही पहिल्यांदाच पाहिलं. सत्तरीचे आहेत. त्यांनी आणखी दोन फळं स्वतः कापायला लावली आणि मग बराच वेळ गप्प बसून होते.

कढीपत्त्यावर पाच अळ्या सापडल्या. एक बरणीत घेतली, चार झाडावर. झाडावरच्या दोन चार दिवसांत गायब झाल्या. मोठ्याचा संशय शिंजिरावर होता, आता बुलबुलवर आहे. उरलेल्या दोघींनी फांद्यांवर कोष केले, एक हिरवा, एक तपकिरी. बरणीतलं फुलपाखरू सकाळी पावणेसातला बाहेर आलं, आम्ही चौघंही पायजम्यातच जमिनीवर बसून होतो. पण झाडावरच्या तपकिरी कोषाला एक दिवस टाचणीएवढं भोक दिसलं आणि त्यातून बारीक काळे पंखवाले किडे निघाले. धाकटी खूप रडली. मला काय सांगावं कळेना. मग मोठ्याने तिला वही आणून दिली आणि म्हणाला, "मोज." तिने डोळे पुसत बत्तीसपर्यंत मोजले. पानावर तिने फुलपाखरू आणि ते किडे दोन्ही काढलेत, सारख्याच मोठ्या आकाराचे.

आता मोठ्याचा प्रश्न, मला सुटत नाही. त्याने दोन पर्जन्यमापक केलेत, एक गच्चीवर, एक फाटकाजवळच्या पर्जन्यवृक्षाखाली. गच्चीवर तीन मिलिमीटर पडला त्या दिवशी झाडाखाली जवळजवळ काहीच नाही. गच्चीवर एकेचाळीस पडला त्या दिवशी झाडाखाली चौतीस. त्याला वाटलं होतं की झाड दर वेळी ठरावीक हिस्सा अडवेल, म्हणजे निम्मा तर निम्मा. तसं होत नाही. का?

भोरचे_गुरुजी (१७ ऑगस्ट)

ताई, कोष पोखरणारे ते किडे गांधीलमाशीच्याच नात्यातले, अळीच्या किंवा कोषाच्या अंगात अंडी घालणारे. धाकटीला सांगा, उंबरातली मादी आठवते ना, तिच्या लांबच्या चुलत बहिणी.

मोठ्याला उत्तर सांगू नका, अगदी जवळ आलाय तो. त्याला एक कोरडा पंचा वजन करायला द्या. मग त्यावर एक पेला पाणी हळूहळू ओतू दे, खालून किती गळतं ते मोजू दे. मग दुसरा पेला, तिसरा, पंचा न पिळता. तिन्ही आकडे वहीत लिहून झाले की त्या पर्जन्यवृक्षाखाली जाऊन वर बघायला सांगा. शिवाय पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने झाडाखालची बाटली पुन्हा एकदा वाचायची, गच्चीवरचीही. आणि एक बाटली खोडाला अगदी लागून ठेवायला सांगा. तिथला आकडा काय येतो ते मला कळवा, मी वाट बघतोय.